समोर उभा, तरी गैरहजर

आमच्या वकील घरमालकांनी प्रिंटरची उलटतपासणी घेतली तेव्हा मी तिथं होते. टाळता आली असती तर मी ती नक्की टाळली असती. पण लॅपटॉप माझ्या मांडीवर होता, केबलचं एक टोक माझ्या हातात होतं आणि वकीलसाहेब माझ्या आणि दाराच्या मध्ये उभे होते.

"हे काय लिहून आलंय?" त्यांनी विचारलं.

"प्रिंटर ऑफलाइन आहे म्हणतंय, काका."

"ऑफलाइन म्हणजे?"

"म्हणजे लॅपटॉपला तो सापडत नाहीये."

"प्रिंटर कुठंय?"

"हा काय, समोर."

"दिवा लागलाय?"

"लागलाय."

"कोणता?"

"हिरवा."

"मग जो इसम भर कोर्टात दिवा लावून समोर उभा आहे, त्याला तुम्ही गैरहजर कसं काय म्हणता?"

"मी नाही म्हणत. लॅपटॉप म्हणतोय."

"म्हणजे ऐकीव माहिती," ते म्हणाले आणि समाधानानं खुर्चीत बसले. केस त्यांच्या बाजूनं सुटली होती. आता प्रिंटरनं मुकाट्यानं छापायला लागावं अशी त्यांची अपेक्षा होती, आणि तो लागला नाही यात त्यांच्या मते दोष माझा होता.

बरकतपुऱ्यातल्या त्या घराच्या वरच्या मजल्यावर मी भाड्यानं राहत होते. लातूरहून नोकरीसाठी तेलुगू मुलखात आलेली मुलगी, घरमालक मराठी, घर स्वच्छ, रिक्षा दाराशी मिळते, म्हणून आईबाबांनी ते बघताक्षणी पसंत केलं होतं. घरमालक बोलतात किती हे बघताक्षणी कळत नाही. त्यांच्या घरात तीन पिढ्या वकिली. ते स्वतः उभा जन्म दिवाणी दावे चालवून निवृत्त झालेले, पण वकिली त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. गळक्या नळाची तक्रार केली की ते "पुढची तारीख शुक्रवार" म्हणत आणि शुक्रवारी प्लंबर आला नाही तर पुन्हा पुढची तारीख देत. प्रत्येक बोलण्याची सुरुवात "मुद्दा क्रमांक एक" अशी होई. मुद्दा क्रमांक दोन मी तिथं राहिले तेवढ्या काळात एकदाही ऐकला नाही, कारण पहिलाच कधी संपला नाही. टीव्हीवरच्या मालिकेत न्यायाधीश आत आले की ते खुर्चीतल्या खुर्चीत सावरून बसत.

ते सगळ्यांना तुम्ही म्हणत. बायकोला, मला, दूधवाल्याला, कंपाउंडच्या भिंतीवर येऊन बसणाऱ्या मांजरालाही. "तुम्ही काल आमचं दूध प्यालात," असं ते मांजराला अगदी शांतपणे सांगत, आणि मांजर उठून जाई. भाजीवालीशी त्यांचा वाद तेलुगूत चाले. भेंडी कोवळी आहे हे तिचं विधान ते एकेक भेंडी मोडून खोटं पाडत. एकदा ती टोपली उचलून "सारू, मीतो कादु," म्हणजे साहेब, तुमच्यापुढे आपलं काही चालायचं नाही, असं म्हणून जी गेली ती त्या गल्लीत परत फिरकली नाही. रिक्षावाल्यांशी ते दख्खनीत भांडत. एकानं तर मी सोबत असताना नल्लकुंट्याच्या अलीकडेच रिक्षा थांबवली आणि हात जोडले, "चाचा, तुम उतर जाओ. पैसे भी नक्को." काका उतरले आणि मला म्हणाले, "बघितलं? तडजोडीला आला."

काकू या सगळ्यात कधी पडत नसत. ते बोलत असताना त्या पोळ्या लाटत, ऐकून घेत, आणि मग स्वतःच्या मनात जे असेल ते करत. मला वाटतं तो संसार असाच टिकला होता.

मग काकूंच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि त्यांचा आवाज गेला. जीव वाचला, आवाज वाचला नाही. घरी आल्यावर त्या मागच्या खोलीत असायच्या. खुणांनी बोलत, आणि मुलीनं पुण्याहून पाठवलेल्या टॅबवर मराठीत लिहीत. त्या वयात त्यांनी बोटानं अक्षरं गिरवायला शिकून घेतलं होतं, आणि माझ्यापेक्षा त्यांचं शुद्धलेखन चांगलं होतं. लिहिलेलं त्या समोरच्याला दाखवत. मी वाचून उत्तर देई. कामवाली अम्मा तेलुगूभाषक, तिला खुणा पुरत.

आणि वकीलसाहेबांनी एके सकाळी मला खाली बोलावून सांगितलं, "मुद्दा क्रमांक एक. त्यांचं म्हणणं मला कागदावर पाहिजे. टॅबवरून थेट. त्यांनी तिकडं लिहायचं, मी इकडं छापील घ्यायचं."

"काका, त्या पलीकडच्या खोलीत आहेत. उठून गेलात तर टॅबवरच दिसेल की."

"टॅबवर दिसलेलं पुराव्यात धरत नाहीत."

मी एका कंपनीत विम्याच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते. माझा आणि प्रिंटरचा संबंध नाही. पण म्हाताऱ्या माणसांच्या लेखी कंप्युटरवर बसणारा प्रत्येक जण कंप्युटरचा डॉक्टर असतो. शिवाय मी भाडेकरू. नाही म्हणायची सोय नव्हती.

प्रिंटर म्हणजे त्यांच्या ऑफिसातला जुना लेझर प्रिंटर. करड्या रंगाचा, एकट्या माणसाला उचलता येणार नाही असा. हजारो दावे आणि कैफियती त्यानं छापल्या होत्या. सुरू केला की कण्हायचा आणि दिवाणखान्यातली ट्यूबलाइट क्षणभर मंद व्हायची. त्याला वायफाय ठाऊक नव्हतं. पाठीमागे केबल लावायची एक जागा होती, ती धुळीनं बुजली होती. त्याच्या कंपनीनं त्याचा नाद कधीच सोडला होता, त्यामुळे माझ्या नव्या लॅपटॉपला त्याची भाषा कळेना. टॅबला तर तो दिसतच नव्हता.

"काका, नवीन घेऊ या. छोटा, बिनवायरचा. टॅबवर बोट लावलं की छापतो."

त्यांनी हो-नाही केलं नाही. दुसऱ्या दिवशी काचीगुड्याच्या स्टेशनरीच्या दुकानातून नव्या प्रिंटरवर छापलेला एक कागद घेऊन आले, आपल्या प्रिंटरचा एक कागद काढला आणि दोन्ही खिडकीपाशी धरले. "हा काळा आहे. आणि हा राखाडी. मला काळा पाहिजे." दुकानदाराला त्यांनी हेच किती वेळ ऐकवलं असेल याची मला कल्पना आहे.

मग मी लागले कामाला. रविवारमागून रविवार त्या दिवाणखान्यात जमिनीवर बसून घालवले. राउटर दाराजवळ, प्रिंटर खिडकीपाशी. प्रिंटर राउटरजवळ न्यावा म्हटलं तर "ते तिथंच राहतील. उजेड आहे." केबल भिंतीवरून न्यावी म्हटलं तर खिळा ठोकायला मनाई. शेवटी ती दारावरच्या तोरणामागून नेली. त्यांच्या जुन्या लॅपटॉपला दुसऱ्या एका सामान्य प्रिंटरची भाषा शिकवली आणि या प्रिंटरला ती कळते असं निघालं. योजना अशी ठरली, की टॅबनं लॅपटॉपकडे पाठवायचं आणि लॅपटॉपनं प्रिंटरकडे. दर पायरीला मला समजावून सांगावं लागे. मी ड्रायव्हर म्हटलं की ते "कुणाचा ड्रायव्हर?" म्हणत. मी दुभाषा म्हटलं तेव्हा पटलं. "हौ, दुभाषा पाहिजेच. निजामाच्या वेळेपासून कोर्टात दुभाषा आहे." आणि तिथून ती गोष्ट निजामाच्या वेळेवर गेली ती जेवणाच्या वेळेपर्यंत परत आली नाही.

एक दिवस मी चिडून उठलेच होते, तेवढ्यात काकू दारात आल्या. त्यांनी टॅब काकांसमोर धरला. मी बाजूनं वाचलं: "आज चहा नको. घसा जळतोय." काकांनी टॅबकडे बघितलं, गंभीरपणे मान हलवली, "हौ, बराबर," म्हणाले, आत गेले आणि चहा घेऊन आले.

काकूंनी त्या कपाकडे बघितलं, मग त्यांच्याकडे, आणि टॅब छातीशी धरून आत निघून गेल्या.

मला राहवलं नाही. "काका, त्यांनी स्पष्ट लिहिलं होतं चहा नको म्हणून. वाचून वर तुम्ही चहा आणलात? आजारी माणसाशी पण हट्ट?"

ते मला कंपाउंडमध्ये घेऊन गेले. दार ओढून घेतलं. "तुम्ही आता माझ्या वकील," ते म्हणाले. "अशिलानं सांगितलेलं वकील बाहेर बोलत नाही. मंजूर?"

"काय ते सांगा ना."

"आधी मंजूर म्हणा."

"मंजूर."

"दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. पिकलाय. टॅबकडे बघितलं की नुसता उजेड दिसतो. अक्षर नाही."

मी अक्षर मोठं करून बघायचं म्हटलं. मुलगी येऊन गेली तेव्हा ते सगळं त्यांनी तिच्यासोबत गुपचूप करून बघितलं होतं. काचेचा उजेड थेट डोळ्यात शिरायचा आणि अक्षरं त्यात बुडायची. कागद मात्र खिडकीच्या उन्हात, भिंग लावून, ठळक काळ्या अक्षरात असेल तर वाचता येत होता. म्हणून तो काळा आणि तो राखाडी. म्हणून प्रिंटर खिडकीपाशी. इतके दिवस मी पडद्यावर काय आलंय हे त्यांना वाचून का दाखवत होते, हे मला तेव्हा कळलं.

"ऑपरेशन करून घ्या की. अर्ध्या दिवसाचं काम असतं."

"नक्को. त्या आधी बऱ्या होऊ देत. आत्ता त्यांना कळलं तर स्वतःचं सोडून माझी फिकीर करत बसतील. मी ओळखत नाही का?"

"म्हणून न वाचता हौ म्हणायचं?"

"दुसरं काय म्हणू? नाही म्हटलं की त्या विचारतात का नाही. हौ म्हटलं की प्रश्न मिटतो."

म्हणजे आयुष्यभर दुसऱ्याचं खोटं पकडून पोट भरलेला हा माणूस घरात दिवसभर खोटी साक्ष देत होता, आणि मला वकीलपत्र देऊन त्यात ओढत होता. मला राग आला, आणि त्या रागात मी वर जाऊन रडलेही. कुणाच्या बाजूनं ते मला कळेना. त्या घरातल्या दोघांपैकी एकीला बोलता येत नव्हतं, एकाला वाचता येत नव्हतं, आणि मधे तो करडा ठोकळा होता. तो चालला नाही तर काकूंचा एकही शब्द काकांपर्यंत पोचणार नव्हता. त्यानंतर मी प्रिंटरवर चिडले, पण काम सोडलं नाही.

आणि एका रविवारी तो चालला. मी मागच्या खोलीत काकूंच्या शेजारी बसून टॅबवरून एक कागद पाठवला, मोठ्या ठळक अक्षरात, "नमस्कार" एवढाच. दिवाणखान्यातून कण्हल्याचा आवाज आला, ट्यूबलाइट मंद झाली आणि काका ओरडले, "आला! हजर झाला!" काकू बिनआवाजाच्या हसल्या, त्यांचे खांदे हलले. मी त्यांना पाठवायचं कसं ते दाखवलं, पाठवलं की "पाठवले" असं येतं तेही दाखवलं, आणि त्याच संध्याकाळी मामेबहिणीच्या लग्नाला लातूरला निघाले.

लग्नातून येताना मी लाडू आणले होते. ते द्यायला खाली गेले तर दिवाणखान्यात काका प्रिंटरसमोर खुर्ची टाकून बसलेले. हातात भिंग. टीव्ही बंद. त्यांनी मला मुद्दा क्रमांक एक सांगितला नाही, तेव्हाच मला काहीतरी बिनसलंय हे कळलं.

"काय म्हणतोय प्रिंटर?"

"प्रिंटर चांगलाय. हिरवा दिवा लावून उभा असतो." "पण त्या लिहीत नाहीत. तुम्ही गेल्यापासून एक कागद नाही. रोज सकाळपासून बसतो मी इथं. मला वाटतं त्यांना माझ्याशी बोलायचंच नाही. इतकी वर्षं मीच बोललो. आता त्यांची पाळी आली तर म्हणत असतील, या माणसाशी काय बोलायचं."

"तुम्ही विचारलंत त्यांना?"

"काय विचारू? येतात, इकडं बोट दाखवतात, वाचलं का अशी खूण करतात. मी हौ म्हणतो."

"काका! काहीच आलं नाही तर हौ कशाला म्हणता?"

"म्हटलं एखादं आलं असंल, मला दिसलं नसंल. खाली पडलं असंल. मीच आंधळा ना."

मी मागच्या खोलीत गेले. काकू खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. मला बघून त्यांनी टॅब घेतला आणि नेहमीपेक्षा हळूहळू लिहिलं: "यांना विचार काय झालंय. मी रोज इतकं लिहिते. वाचलं म्हणतात. पण एका शब्दाचं उत्तर नाही. हा माणूस उत्तराशिवाय राहणारा आहे का? मी आता कटकटीची झाले असेन."

मला दोघांना एका जागी बसवून चांगलं खडसावावंसं वाटलं. इतकी शहाणी माणसं, एका छताखाली, एका भिंतीच्या दोन बाजूंना, आठवडाभर एकमेकांची वाट बघत बसली होती. आणि मी वकीलपत्र घेतलेली बाई, मला तोंड उघडायची परवानगी नाही. मी पाय आपटत दिवाणखान्यात आले आणि लॅपटॉप उघडला.

लॅपटॉपमध्ये छापायच्या कागदांची रांग लागली होती. वरपासून खालपर्यंत, पडदा सरकवला तरी संपेना. काकूंनी टॅबवरून पाठवलेलं सगळं तिथपर्यंत नीट आलेलं, आणि तिथंच अडकलेलं. वर लाल अक्षरात: प्रिंटर ऑफलाइन.

"काका, मी गेल्यावर तुम्ही कुठं बाहेर गेला होतात?"

"सोमवारी. हॉस्पिटलला. त्यांची तपासणी होती."

"दोघंही?"

"दोघंही."

"मग जाताना मेन बंद केलात?"

"केला. घर सोडताना मेन बंद करायचा. रिकाम्या घरात वीज ठेवायची नाही. आमच्या वडिलांपासून आहे हे."

होतंच ते. मी राहायला आले तेव्हापासून त्या मेनचा मला जाच होता. वरच्या मजल्याचा मीटर वेगळा, पण राउटर खाली, त्यामुळे काका-काकू देवळात गेले की माझी ऑफिसची मीटिंग मधेच तुटायची आणि कुकटपल्लीला बसलेला माझा बॉस मला लेखी समज द्यायचा. ऑपरेशननंतर काकू सतत घरात, म्हणून मेन चालू राहायचा, आणि मीही ती सवय विसरून गेले होते. मेन बंद होऊन पुन्हा लागला की राउटर घरातल्या प्रत्येक यंत्राला नव्यानं नंबर वाटतो. प्रिंटरला दुसरा नंबर मिळाला होता. लॅपटॉप आठवडाभर जुन्याच नंबरावर त्याला शोधत होता.

मी हे समजावलं. ते डोळे मिटून ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे पक्षकार घर बदलून गेला आणि समन्स जुन्या पत्त्यावर बजावत बसले."

"हो. अगदी तसंच."

"आणि पक्षकार म्हणतो मला काही मिळालंच नाही."

"हो."

"आणि घर मी बदलायला लावलं."

मी राउटरमध्ये जाऊन प्रिंटरचा नंबर कायमचा राखून ठेवला, लॅपटॉपला तो सांगितला. बटण दाबण्याआधी म्हटलं, "काका, हे फार जुनं साचलंय. कागद उगाच जातील. शेवटची एकदोन पानं काढू का?"

"एकही पान वगळायचं नाही," ते म्हणाले. इतक्या हळू आवाजात ते बोललेले मी आधी ऐकले नव्हते.

प्रिंटर कण्हला, ट्यूबलाइट मंद झाली आणि कागद यायला लागले. मी एकेक उचलून त्यांच्या हातात देत होते. ते खिडकीपाशी उन्हात उभे राहून, भिंग सरकवत, मोठ्यानं वाचत होते. आणि वाचलं की उत्तर देत होते, मागच्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात.

"'दिसतंय का? अक्षर नीट आलं का?' हौ, फर्स्ट क्लास आलंय!"

"'उपमा खारट झालाय.' झाला असंल. मी चाखला नव्हता."

"'डॉक्टरशी एवढा वाद कशाला घातलात? बिचारा घामाघूम झाला.' मुद्दा माझा बरोबर होता!"

"'कढीपत्त्याला पाणी घाला.' अरे, वाळला असंल आता. घालतो, घालतो."

"'त्या पोरीला परेशान करू नका. तिला तिचं काम आहे.'" यावर त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं. मी मनातल्या मनात काकूंचे पाय धरले.

प्रिंटरच्या आवाजानं की काकांच्या, काकू उठून दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. कमरेशी टॅब. काका उन्हाकडे तोंड करून होते, त्यांना त्या दिसल्या नाहीत. ते वाचतच होते. हळूहळू कागदांवरचे शब्द कमी व्हायला लागले.

"'काल विचारलं त्याचं काय?'"

"'रागावलात का?'"

"'नुसतं हौ म्हणू नका. काहीतरी बोला.'"

मी पुढचा कागद दिला. त्यांनी भिंग लावलं, वाचलं, मोठ्यानं नाही. मग पुन्हा वाचलं. मी त्यांच्या खांद्यावरून बघितलं. "आवाज गेलाय. मी इथंच आहे."

त्यांनी भिंग खिडकीत ठेवलं. रुमाल काढून डोळे पुसले. वळले तेव्हा दारात कुणीतरी उभं आहे एवढं त्यांना दिसलं असावं.

"तुम्ही आहात का?" त्यांनी विचारलं.

काकूंनी मान हलवली, मग ती त्यांना दिसणार नाही हे जणू जाणवून दाराच्या चौकटीवर टॅब दोनदा आपटला.

"मला वाचता येत नाही हो," वकीलसाहेब म्हणाले. "टॅबवरचं काहीच. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. कधीचा आहे. तुम्ही दाखवत होतात आणि मी न वाचता हौ म्हणत होतो. चहा नको म्हणालात ते पण मला मालूम नव्हतं. यांनी सांगितलं. मी खोटं बोललो. मला माझ्या बाजूनं काही म्हणायचं नाही."

त्या माणसाला आपल्या बाजूनं काही म्हणायचं नाही, हे मला पटायलाच वेळ लागला. काकू रडतील, त्यांच्याजवळ जातील असं मला वाटलं. त्यांनी तसं काही केलं नाही. सरळ येऊन सोफ्यावर बसल्या, टॅब मांडीवर घेतला आणि मला जवळ बोलावून अक्षर मोठं करायचं बटण दाखव अशी खूण केली. मी दाखवलं. त्यांनी ते एकदा दाबलं, मग पुन्हा, मग पुन्हा. "काकू, इतकं नको, कागदावर मावणार नाही," मी म्हटलं. त्यांनी माझा हात बाजूला सारला. मग त्या लिहायला लागल्या.

प्रिंटर कण्हला. कागद आला. अख्ख्या कागदावर एकच शब्द, काळाकुट्ट, या कडेपासून त्या कडेपर्यंत. मी तो काकांना नेऊन दिला. भिंग घ्यायची गरज पडली नाही.

"'उद्या,'" त्यांनी वाचलं.

दुसरा कागद. "'डोळ्यांच्या.'"

तिसरा कागद अडखळत आला, मी ओढून काढला. "'डॉक्टरकडे.'"

"'जायचं.'"

वकीलसाहेबांनी चारही कागद एकावर एक ठेवले, ते हातात सरळ केले आणि घसा खाकरला. "मुद्दा क्रमांक एक," ते म्हणाले, "आत्ता तुमचीच तब्येत…"

प्रिंटर पुन्हा कण्हला. मी कागद उचलला आणि त्यांच्यासमोर धरला.

"'वाद नको,'" त्यांनी वाचलं, आणि ते खुर्चीत बसले.